कापलेला कोपरा

लाइटबॉक्सचा दिवा लावला आणि तिला ती रेघ दिसली. दिसली म्हणजे आधी दिसली, मग गेली, मग मान जराशी कलती केल्यावर पुन्हा दिसली. चौथ्या लेनमध्ये, खालून दोन बोटांवर, फिकट निळी, कपडा धुतल्यावर शाईच्या डागाचं जे मागे उरतं तेवढीच. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. हातातला चहाचा कप तिने कुठेतरी ठेवला आणि तो पुढे दोन तास सापडला नाही. काल संध्याकाळी याच जेलचा फोटो कॅमेऱ्याने काढला होता, कॉम्प्युटरने तो मोजला होता आणि या जागी आठही नमुन्यांपुढे शून्य लिहिलं होतं. तेही साधंसुधं शून्य नाही, शून्य पूर्णांक शून्य शून्य. त्यावर विसंबून सरांनी आज साडेअकराच्या समितीपुढे ठेवायचा कागद टाइप करून ठेवला होता, आणि त्यात शेवटी प्रकल्प बंद करण्यास हरकत नाही असं एक वाक्य होतं. तीन वर्षांचं काम त्या एका वाक्यात गुंडाळलं जाणार होतं. खोलीत ती एकटीच होती. तिला एकदम हसू आलं आणि ते आवरण्याचं काही कारणही दिसेना.

या खोलीत तिची एकोणीस वर्षं गेली होती. सगळे तिला ताई म्हणत, तिच्याहून नऊ वर्षांनी मोठे असलेले सरसुद्धा. पाहुण्यारावळ्यांत कुणी कामाबद्दल विचारलं तर ती विषय बदलायची, कारण लोकांच्या लघवीच्या बाटल्या हाताळते म्हटल्यावर समोरचा माणूस आपली बशी हळूच लांब सरकवतो. पण काम मोठं देखणं होतं. दोन काचांच्या मध्ये पारदर्शक जेल ओतायचं, ते घट्ट झालं की वरच्या खाचांत एकेका माणसाच्या नमुन्याचा थेंब सोडायचा आणि वीज लावायची. नमुन्यातली प्रथिनं खाली पळत सुटतात. बारकी सुळकन पुढे जातात, थोराड मागे अडकतात, आणि प्रत्येक थेंबाखाली एक सरळ वाट पडते, तिलाच लेन म्हणायचं. मग निळ्या रंगात बुडवायचं, रात्रभर हलत्या तबकात पाण्याने धुवायचं, की जे प्रथिन जिथे थांबलं तिथे रेघ उमटते. सरांना यातली एकच रेघ हवी होती. त्यांचं म्हणणं असं, की मूत्रपिंडं बिघडायला लागण्याच्या दोन वर्षं आधी, माणूस ठणठणीत हिंडत-फिरत असताना, एक बारकं प्रथिन तिथून गळायला लागतं. ते तेव्हाच पकडलं तर गोळ्यांवर आजार थोपवून धरता येतो. नाही पकडलं तर पुढे आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसच्या यंत्राशेजारी पडून राहायचं. आजारी माणसांच्या लेनमध्ये ही रेघ ढळढळीत दिसे, पण त्यात काय मोठंसं. आजार झाल्यावर तो झालाय हे सांगायला कुणाला सरांची गरज नव्हती. अजून आजारी न पडलेल्या माणसात ती एकदाही दिसली नव्हती. दुसऱ्या मजल्यावरची समिती तीन वर्षं नाक मुरडत म्हणत होती, दाखवा की मग. त्यात तिचंही काही चुकत नव्हतं.

तिने वही उघडली, उघडण्याची गरज नसताना. जेलमध्ये दहा लेन. पहिल्या आणि शेवटच्या लेनमध्ये शिडी, म्हणजे माहीत असलेल्या वजनांच्या प्रथिनांचं मिश्रण. दोन्हीकडे शिडी लावायची ही सरांचीच कल्पना, जेल तिरकं पळालं तर कॉम्प्युटरला सावरून घेता यावं म्हणून. दोन ते पाच या लेनमध्ये घरात कुणाला तरी हा आजार असलेले, पण स्वतः धडधाकट. सहा ते नऊमध्ये ज्यांच्या घरात तो कधीच आला नाही असे. चौथ्यापुढे तिच्याच अक्षरात सुतार लिहिलं होतं. तिला तो आठवला. बेचाळीस वर्षांचा, नखांत लाकडाचा भुसा, थोरला भाऊ यंत्रावर असलेला. बाटली देताना तो म्हणाला होता, मला काही होत नाही हो बाई, माझा भाऊ फार विचार करायचा म्हणून त्याला झालं. सुतारा, तुला दोन वर्षं मिळाली, ती मनात म्हणाली. हात असे शिवशिवत होते, की हातमोजा चढवताना दोन बोटं एकाच घरात गेली.

एवढ्यात आकडेवाली आली. हे नाव तिने स्वतःच घेतलं होतं. सहा महिन्यांपूर्वी कॅमेरा आणि कॉम्प्युटर आले त्यांच्याबरोबर ही आली, आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, मला जेलमधलं ओ की ठो कळत नाही, मी फक्त आकडेवाली. ताईंना ती आवडायची, पण तिचे आकडे आवडायला वेळ लागला होता. आधी रेघा डोळ्यांनी बघून वहीत फिकट, मध्यम, गडद असं लिहायची पद्धत होती आणि फिकट म्हणजे किती हे ताईंच्या डोळ्यांनाच ठाऊक असायचं. आता प्रत्येक रेघेचा निळेपणा पाच आकड्यांत मोजला जायचा आणि ताईंचा डोळा बोलूनचालून सेवानिवृत्त झाल्यासारखा खोलीत बसून असायचा.

"चौथ्या लेनमध्ये बघ," ताई म्हणाल्या.

आकडेवालीने वाकून बघितलं. चष्मा वर केला, परत खाली घेतला. "मला नाही दिसत ताई."

"मान तिरकी कर. आणि थांब, उजेड कमी करते." त्यांनी दोन कोरे कागद घेतले, जेल अलगद उचलून पारदर्शक तबकात घेतलं, काचेवर कागद आणि त्यावर ते तबक ठेवलं. दिव्याचा डोळे दिपवणारा पांढरा रंग दुधासारखा मऊ झाला.

आकडेवालीने मान तिरकी करून पुन्हा बघितलं. मग म्हणाली, "आहे काहीतरी. पण काल शून्य आलंय."

उजेड कमी केला की दोष दिसतो, हे ताईंना कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. आई कापड गिरणीत तपासणीच्या टेबलावर होती. तिरकी काच, काचेमागे दिवा, आणि काचेवरून सरकत जाणारं कापड, दिवसाला हजारो वार. सुटीच्या दिवशी लेकीला ती कधीकधी बरोबर न्यायची आणि स्टुलावर बसवायची. नवीन बाया दिवा मोठा करून घ्यायच्या, म्हणजे चांगलं दिसेल. आई मात्र दिव्यावर आपली जुनी ओढणी टाकायची. जास्त उजेडात सगळंच चांगलं दिसतं, ती म्हणायची, वाईट बघायचं तर उजेड बेताचा लागतो. तुटलेला धागा, दुहेरी पडलेला आडवा दोरा, तेलाच्या थेंबाची सावली, काही म्हणता काही तिच्या नजरेतून सुटायचं नाही. दोष दिसला की काठावर लाल दोरा टाचायचा आणि पुढे. पण त्याआधी तिचं एक ठरलेलं काम असायचं. गठ्ठा उलगडला की ती पहिल्यांदा कापडाची सुलटी बाजू ओळखायची आणि सुलट्या बाजूने डाव्या हाताचा खालचा कोपरा कात्रीने एवढासा उडवायची. मग कापड कुणीही कसंही पालथं घातलं तरी आईला कोपऱ्यावरून कळायचं. आधी सुलटं-उलटं बघावं, मग दोष काढावा, नाहीतर एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी. तिचं आयुष्य दुसऱ्यांच्या कापडातले दोष काढण्यात गेलं. संध्याकाळी घरी आली की पाय पाण्यात सोडून बसायची आणि घोट्याची हाडं दिसत नसायची, इतके पाय सुजलेले. दिवसभर उभं राहून होतं असं, ती म्हणायची, आणि घरातले सगळे म्हणायचे, उभं राहून होतं. पुढे चेहरा सुजला तेव्हा तोंडावर उभं राहता येत नाही हे सगळ्यांच्या लक्षात आलं, पण तोवर मूत्रपिंडं हातची गेली होती. ताई तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. यंत्राच्या खोलीबाहेरच्या बाकावर त्यांनी दीड वर्ष काढलं, आणि नंतर बाकावर जायचं कारण उरलं नाही.

"कालचा फोटो उघड," त्या म्हणाल्या. "रेघेच्या शेजारी कोरी जागा आहे ना, तिचा आकडा किती?"

आकडेवालीने माऊस फिरवला. "पासष्ट हजार पाचशे पस्तीस."

"आणि कॅमेऱ्याचा सर्वांत मोठा आकडा?"

"तोच." ती थबकली. "अगं बाई."

"म्हणजे भांडं काठोकाठ भरून सांडतंय. त्यात एवढी फिकट सावली कशी कळणार त्याला? तुझ्या कॅमेऱ्याने उजेड आपला आपण ठरवला काल, आणि सढळ हाताने ठरवला."

"ऑटोवर ठेवला होता मी." आकडेवालीचे कान लाल झाले. "सहा महिने ऑटोवरच ठेवतेय."

तिला बोलायला ताईंच्या जिभेवर बरंच काही होतं, पण आज त्यांना कुणाचाच राग येत नव्हता. दोघींनी जेल तबकातून कॅमेऱ्याखालच्या काचेवर सरकवलं, बुडबुडा राहू नये म्हणून कडेने पाणी सोडलं. उजेडाचा वेळ निम्मा केला, मग आणखी निम्मा. फोटो पडद्यावर आला तो करडा, ढगाळ, अगदी नापास होण्यासारखा. आकडेवालीने लेनवर चौकोन आखला, बाकीचं सगळं छाटलं, शिडीची गडद रेघ माप म्हणून धरली, आणि लेनच्या वरपासून खालपर्यंत निळेपणाचा आलेख काढला. डोंगर, दरी, डोंगर, मग लांबलचक सपाटी. आणि त्या सपाटीवर एक उंचवटा. ताईंना वाटलं आपल्या छातीचा आवाज शेजारी ऐकू जातोय. एरवी त्या कुठल्या गोष्टीने अशा हुरळत नसत. नवऱ्याने मागणी घातली तेव्हासुद्धा त्यांनी आधी त्याचा पत्ता विचारला होता.

"तीनशे बारा," आकडेवाली म्हणाली. "सपाटीची खरखर सत्तरच्या आत आहे. म्हणजे चौपटीच्या वर. बाकीच्या सातांत काही नाही, सगळी बघितली." तिने आलेखावर बोट ठेवलं. "ताई, ही खरी आहे. तुमच्या डोळ्याने पकडली, पण आता ती माझ्या आकड्यातपण आहे."

ते ऐकून ताईंचे डोळे भरून आले. इतकी वर्षं फिकट असं लिहिताना मनाच्या तळाशी कायम एक कुसळ टोचत राहायचं, की ही रेघ आहे म्हणून दिसतेय की हवी आहे म्हणून दिसतेय. हवंहवंसं वाटणारं डोळ्याला फार पटकन दिसतं. आईच्या शेवटच्या महिन्यात त्यांना रोज सकाळी तिची सूज उतरलेली दिसायची. पण मोजणाऱ्या यंत्राला काही हवं नसतं. त्याला रेघ असली काय नि नसली काय सारखंच, आणि तरी ते म्हणत होतं, आहे. त्यांनी आकडेवालीच्या खांद्यावर हात ठेवला, हातमोजा ओला होता हे विसरून.

सर आले तेव्हा अकराला वीस मिनिटं होती. हातात तो टाइप केलेला कागद. त्यांनी पडदा बघितला, मग वाकून जेल बघितलं, मग पुन्हा पडदा, आणि भिंतीला टेकून उभे राहिले. दोन वर्षांपूर्वी बायपास झालेला माणूस, पण चेहरा परीक्षेत पहिल्या आलेल्या पोरासारखा झाला होता. कागदाची चौपदरी घडी करून त्यांनी ती खिशात घातली.

"चौथा कोण?" त्यांनी विचारलं.

"सुतार आहे सर," आकडेवाली वही बघून म्हणाली. "भावाला आजार आहे."

"म्हणजे जिथे दिसायला हवी तिथेच." त्यांनी डोळे पुसले आणि लपवलंही नाही. "त्याला आजच फोन करा. उद्या या म्हणावं, औषध लगेच सुरू करू. आणि हा फोटो मला पेनड्राइव्हवर द्या. छाटू नका हं, अख्खं जेल दिसू दे. नाहीतर वरचे म्हणतील सोयीचा तुकडा दाखवला."

आकडेवालीने छाटलेला फोटो पुन्हा उलगडला. पडद्यावर पूर्ण जेल आलं, दोन्ही कडांना शिड्या, मध्ये आठ लेन, वरच्या खाचा. "इथे खाली उजवीकडे कोपरा फाटलाय," ती म्हणाली. "वाईट दिसतंय. एवढा काढून टाकू का?"

"टाका की," सर म्हणाले.

ताई पुढे वाकल्या. त्या पडद्याकडे बघत होत्या. कोपरा फाटला नव्हता. तो त्यांनी परवा संध्याकाळी काचांमधून जेल काढल्या काढल्या पातीने कापला होता, प्रत्येक जेलचा कापतात तसा, एकोणीस वर्षं. कुणाला सांगितलंही नव्हतं, कारण आईची सवय उचलली हे काय सांगायचं. पण त्या कापतात तो खालचा डावा कोपरा. पहिल्या लेनच्या पायथ्याचा. पडद्यावर तो उजवीकडे होता. कालच्या फोटोनंतर पुन्हा धुवायला ठेवलेलं जेल रात्री हलत्या तबकात कधीतरी दुमडून पालथं झालं होतं, आणि सकाळी त्यांनी ते तसंच उचलून दिव्यावर ठेवलं होतं. रेघ दिसली आणि त्या आधी सुलटं-उलटं बघायचं विसरल्या. दोन्हीकडे शिडी, सगळ्यांच्या मोठ्या रेघा जवळपास सारख्या, कुणाला कळणार? डावीकडून मोजलेली चौथी लेन खरी चौथी नव्हतीच. दुसऱ्या कडेने मोजायला हवी होती. दहा, नऊ, आठ, आणि सात.

त्यांना वही बघावी लागली नाही. सात नंबरला काय लिहिलंय ते त्यांना पाठ होतं. निरोगी, स्त्री, वय सेहेचाळीस, घरात आजार नाही. गेल्या महिन्यात निरोगी माणसं बारा हवी होती आणि अकराच मिळाली होती. नमुने गोठवायची शेवटची तारीख होती आणि बारावी बाटली त्यांनी स्वतः भरली. फॉर्मवर एक ओळ होती, आईवडील किंवा भावंडं यांपैकी कुणाला मूत्रपिंडाचा आजार. पेन त्या ओळीवर थांबलं होतं. होय लिहिलं तर बारावी बाटली बाद. पण खरं कारण तेही नव्हतं, हे त्यांना तेव्हाच माहीत होतं. होय लिहिलं तर त्या क्षणापासून त्या दोन ते पाचमधल्या होणार होत्या. सुतारासारख्या. त्यांनी नाही वर खूण केली, कसल्याशा घाईत असल्यासारखी, आणि कुणाची तरी फसवणूक केली असं वाटण्याऐवजी हलकं वाटलं होतं.

आकडेवालीने कोपऱ्याभोवती चौकोन आखला. विचित्र हे होतं, की ताईंची सकाळची ती झिंग उतरत नव्हती. रेघ होती. तीनशे बारा. चौपटीच्या वर. मूग गिळून बसलं तर सगळं ठाकठीक होतं: सरांची तीन वर्षं वाचत होती, फॉर्म कपाटात राहत होता, रेघ जिथे दिसायला हवी तिथे होती. एक सुतार उद्या येईल, त्याला सांगतील, तो घाबरेल, रात्रीची झोप जाईल, नको असलेल्या गोळ्या खाईल. आणि ज्या लेनला त्या हव्या आहेत ती लेन निरोगी म्हणून घरी जाऊन स्वयंपाक करील. एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी. मागे कुणीतरी दिव्यावर ओढणी टाकल्यासारखं खोलीतलं सगळं स्पष्ट दिसायला लागलं.

"तो कोपरा काढू नकोस," ताई म्हणाल्या.

आकडेवालीचा हात थांबला.

"तो फाटलेला नाही, मी कापलाय. तो डावीकडे असायला हवा. जेल पालथं पडलंय." आवाज त्यांना स्वतःलाच फार साधा वाटला. "रेघ चौथ्यात नाही, सातव्यात आहे. कालचा फोटो शेजारी लाव, त्यात कोपरा डावीकडे असेल."

तिने लावला. होता. सरांनी दोन्ही फोटो बघितले आणि त्यांचा चेहरा उतरताना ताईंना बघवेना. "सातवा म्हणजे निरोगी," ते हळूच म्हणाले. "ज्याच्या घरात आजार नाही त्यात दिसली, तर मग सगळं मुसळ केरात. मग ही रेघ काहीच सांगत नाही."

"सांगते सर. फॉर्म खोटा आहे. सातवी मी आहे. माझी आई याच आजाराने गेली."

पाण्याच्या नळाचा थेंब बेसिनमध्ये पडत होता आणि ताईंनी त्याच क्षणी बघितलं, हरवलेला चहाचा कप बेसिनच्या कडेला होता. सर स्टुलावर बसले. खिशातला कागद त्यांनी काढला, बघितला, परत ठेवला. "ताई, हे मला समितीला सांगावं लागेल," ते म्हणाले. "फॉर्मचंसुद्धा. तुमच्यावर बालंट येईल."

"येऊ दे. बालंट कसलं, केलंय मी." मग त्यांना राहवेना. "पण सर, तुमचं म्हणणं खरं ठरलं ना? मला काही होत नाही. परवा तीन जिने चढले. रक्तदाब चांगला. आणि रेघ आहे."

सरांनी त्यांच्याकडे बघितलं. "खरं ठरलं," ते म्हणाले. "पण ते तुमच्यात खरं ठरायला नको होतं."

"मग काय माझ्या पुढच्या माणसात ठरू दे म्हणता?"

ते उठले. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. आकडेवालीने दोन्ही फोटो पेनड्राइव्हवर घातले, कोपऱ्यासकट, आणि सातवीचा थेंब उरलाय तो पुन्हा चालवून बघू म्हणाली, दुपारीच, आणि या वेळी ऑटोवर नाही. बोलता बोलता ती रडत होती आणि माऊस सोडत नव्हती. सर दारापर्यंत गेले, परत आले. "उद्या सकाळी नऊला माझ्याकडे," ते म्हणाले. "गोळ्या सुरू करायच्या. हे मी विचारत नाहीये." आणि गेले. त्यांच्या पावलांचा आवाज जिन्यावरून वर जाताना ऐकू येत राहिला, बायपास झालेल्या माणसाच्या मानाने भराभर.

ताई पडद्यापुढे बसल्या. सातव्या लेनचा आलेख अजून उघडा होता, डोंगर, दरी, डोंगर, सपाटी आणि तो उंचवटा. घरी पंधरा वर्षांची लेक होती, तिचाही फॉर्म आता भरायचा होता, खरा. भीती होतीच. पण तिच्यावरून सकाळचं ते हसू पुन्हा पुन्हा वर येत होतं, आणि अशा वेळी हसणं शोभतं का, हे त्यांना कळेना. एवढासा उंचवटा. आईला तो कुणी दाखवला असता, गिरणीत, दिव्यावर ओढणी टाकून, बाई जरा इकडे बघ म्हणून, तर तिने काठावर लाल दोरा टाचला असता आणि पुढे गेली असती. ताईंनी वही ओढून घेतली. सात नंबरपुढचं निरोगी हे एका सरळ रेघेने खोडलं, घरात आजार नाही हेही खोडलं, आणि शेजारी सही केली. मग त्यांनी खाली वाकून साडीचा काठ जरासा वर केला. घोट्याची हाडं दोन्ही पायांवर नीट दिसत होती.